मनगटाची नवार

घड्याळ घ्यायला निघालेला माणूस चार दुकाने हिंडतो. तबकडी पाहतो, काटे पाहतो, पाठीवर काय कोरलं आहे ते वाचतो, भावात घासाघीस करतो. एवढं सगळं झाल्यावर दुकानदार विचारतो, "पट्टा कुठला लावू?" त्यावर हा म्हणतो, "लावा कुठलाही." वास्तविक घड्याळाचं यंत्र डबीत बंद असतं. अंगाला लागतो तो पट्टा. घाम पितो तो पट्टा, कातडीला घासतो तो पट्टा, आणि ऐन गर्दीत तुटून घड्याळ घालवतो तोही पट्टाच.

श्रोतेहो, आज या पट्ट्याची, त्यातही कापडी पट्ट्याची हकिगत सांगायची आहे. कापडी पट्टा म्हणजे ज्याला चामड्याचा परवडत नाही त्याने लावायचा, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. घामात, चिखलात आणि पावसात ज्यांना घड्याळ हरवून चालत नव्हतं, अशा माणसांनी चामडं वापरून पाहिलं, ते टाकलं आणि कापड धरलं. त्या हकिगतीचा एक धागा आपल्या उल्हास नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून जातो. म्हणून सुरुवात इथूनच करू.

या खोऱ्यात मिनिटांचा हिशोब आणला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि १८५६ च्या मे महिन्यात कल्याणहून बदलापूर, नेरळवरून खोपोलीकडे गाडी धावू लागली. त्याआधी इथला माणूस दिवस मोजायचा तो सावलीवर. देवळात किंवा लग्नघरी घटिकापात्र असलं तर त्याची एक घटका चोवीस मिनिटांची. त्याहून बारीक हिशोब कोणाला लागत नव्हता. गाडीला मात्र तो लागतो. गाडी घटकाभर थांबत नाही.

त्यातही एक गंमत होती. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ठरली, रेल्वे तिच्यावर चालू लागली. पण मुंबई शहराने आपली जुनी मुंबई वेळ सोडायला पुष्कळ आढेवेढे घेतले. मुंबई वेळ प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. शहरातली कित्येक घड्याळे पुढे बरीच वर्षे त्या जुन्या वेळेवर चालत होती. म्हणजे बदलापूरहून निघालेला माणूस स्टेशनावर एक वेळ पाहायचा आणि शहरात उतरल्यावर दुसरी. अशा वेळी स्वतःजवळ एखादं घड्याळ असावं असं कोणालाही वाटणारच.

हे घड्याळ पहिल्यांदा आलं ते खिशात. कोटाच्या किंवा बंडीच्या खिशात डबी, तिला साखळी, आणि साखळीचं दुसरं टोक गुंडीत अडकवलेलं. खिशातल्या घड्याळाला पट्टा लागत नाही. घड्याळ खिशातून निघून मनगटावर चढलं तेव्हापासून पट्ट्याचा इतिहास सुरू होतो.

मनगटावर घड्याळ बांधणं हे विलायतेत फार दिवस बायकांचं लेणं समजलं जात असे. बांगडीत बसवलेलं नाजूक घड्याळ सरदार-उमरावांच्या बायका घालत. पुरुषाने ते घातलं तर लोक हसत. हा समज मोडला लष्कराने. घोड्यावर बसलेल्या, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात हत्यार असलेल्या माणसाने खिशातून घड्याळ काढायचं कसं? १८८५ च्या ब्रह्मदेशाच्या लढाईत इंग्रज अधिकारी घड्याळ मनगटाला बांधू लागले होते. ही तीच लढाई, जिच्यानंतर थिबा राजाला आपल्या रत्नागिरीला आणून ठेवलं. पुढे १८९३ साली लंडनच्या गार्स्टिन नावाच्या कंपनीने असल्या मनगटी पट्ट्याच्या रचनेची नोंदणी केली. खिशातलंच घड्याळ चामड्याच्या वाटीत बसवायचं आणि ती वाटी मनगटाला पट्ट्याने बांधायची, अशी ती साधी युक्ती होती. दक्षिण आफ्रिकेतल्या १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ती पुष्कळांनी वापरली. आणि १९१४ च्या महायुद्धात तर मनगटी घड्याळ हे शिपायाच्या सामानातलंच एक होऊन बसलं. तोफांचा मारा अमुक मिनिटाला पुढे सरकणार आणि त्याच्या मागोमाग पायदळाने खंदकातून बाहेर पडायचं, असा बेत असे. मिनिट चुकलं तर आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच डोक्यावर. पुरुषाच्या मनगटावरच्या घड्याळाला हसणं त्यानंतर बंद झालं.

मुंबईच्या बाजारात तेव्हा स्विस घड्याळे येत. फावर-लूबा आणि वेस्ट एंड ही नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला चांगली ठाऊक होती. वेस्ट एंडच्या एका घड्याळाचं नावच 'सोवार', म्हणजे आपला घोडेस्वार. बदलापूरचं नाव स्वार इथे घोडे बदलत त्यावरून पडलं असं लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी-खोटी कशीही असो, मनगटी घड्याळाचा जन्म मात्र घोडेस्वाराच्या अडचणीतूनच झाला.

आता पट्ट्याकडे वळू. हे सुरुवातीचे पट्टे सगळे चामड्याचे. चामडं दिसायला देखणं, हाताला मऊ आणि कोरड्या थंड हवेत वर्षानुवर्षे टिकणारं. पण ते पाणी पितं आणि फुगतं. वाळलं की आखडतं, कडक होतं आणि भेगाळतं. दमट हवेत त्याच्यावर बुरशी चढते. कोकणपट्टीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. श्रावणात माळ्यावर ठेवलेल्या वहाणा भाद्रपदात काढून पाहाव्यात, पांढरा थर दिसतोच. घामातलं मीठ हे चामड्याचं दुसरं दुखणं.

ही अडचण आधी घड्याळाच्या पट्ट्यात नव्हे, शिपायाच्या कमरपट्ट्यात लक्षात आली. बोअर युद्धात चामड्याचे पट्टे आणि काडतुसांच्या पिशव्या पावसात ताणल्या, उन्हात तडकल्या. तेव्हा इंग्रजी सैन्याने १९०८ साली पायदळाचं सगळं सामान बदललं आणि कमरेच्या पट्ट्यापासून पाठीवरच्या पिशवीपर्यंत जाड सुती विणीची पट्टी आणली. इंग्रजीत तिला वेबिंग म्हणतात. आपल्याकडे तिला चांगला जुना शब्द आहे: नवार. खाटेला विणतो ती नवार. दोन्ही बाजूंना स्वतःचा विणलेला काठ असलेली अरुंद, जाड पट्टी. रुंद कापडातून कापलेली पट्टी कडेने उसवते, तिला दुमडून शिवण घालावी लागते. नवारीला शिवण लागत नाही, कारण ती मागावरच तेवढी अरुंद विणलेली असते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

घड्याळाच्या पट्ट्यानेही हळूहळू तीच वाट धरली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन सैन्याच्या पुष्कळ घड्याळांना खाकी कापडाचा पट्टा असे. लढाई जपानशी होती, ब्रह्मदेशच्या पावसाळी रानात होती. तिथे चामडं कुजायला वेळ लागत नाही.

आणि इथे आपलं खोरं या हकिगतीत येतं. त्या युद्धाच्या काळात कल्याणच्या पलीकडच्या ओसाड माळावर सैन्याचा मोठा मुक्कामी तळ पडला. सहा हजार शिपाई आणि तीस हजार इतर माणसं राहतील एवढी सोय, २,१२६ बराकी. नवारीचे पट्टे बांधलेली माणसं इथे येत, थांबत आणि पुढे जात. युद्ध संपलं, तळ रिकामा झाला, बराकी ओस पडल्या. त्या फार दिवस ओस राहिल्या नाहीत. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून उखडलेली माणसं या बराकींत येऊन उतरली. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीला उल्हासनगर हे नदीवरून नाव मिळालं. लोकांच्या तोंडी मात्र 'कॅम्प'च राहिला. कॅम्प नंबर एक ते पाच, आजही रिक्षावाल्याला तसंच सांगावं लागतं.

घरदार, शेतीवाडी, पेढी सगळं मागे टाकून आलेल्या माणसाजवळ विकण्यासारखं काय उरतं? हाताचं कसब. कोणी पापड लाटले, कोणी लोकल गाड्यांतून गोळ्या-बिस्किटं विकली, कोणी शिलाईचं यंत्र मांडलं. त्या यंत्रांतून पुढे कापडाचा व्यापार वाढला, गजानंद मार्केटसारख्या पेठा उभ्या राहिल्या, आणि नंतरच्या काळात उल्हासनगर जीन पँटींचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. हुबेहूब नक्कल करण्याबद्दलही गावाची ख्याती झाली. इथल्या मालावर 'यू. एस. ए.'चा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद मुंबईच्या गाडीत प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेला असतो. विनोद ठीक आहे. पण ज्या माणसांना शून्यातून बाजार उभा करावा लागला त्यांची मेहनत त्या विनोदात झाकली जाते, हेही म्हटलं पाहिजे. आपल्या विषयापुरतं त्यातून घ्यायचं ते एवढंच, की पट्टा घेताना त्याच्यावरचं नाव वाचू नये, वीण पाहावी.

उल्हासनगरच्या आसपास तेव्हा कारखानेही उभे राहत होते. अंबरनाथला धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना आणि विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना हे स्वातंत्र्याच्या आधीपासूनचे. मग सरकारी शस्त्रास्त्रांचा कारखाना आला, १९५३ साली यंत्रं बनवणारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. १९५६ साली शहाडला सेंचुरी रेयॉनचा कारखाना चालू झाला. भोंगा झाला की फाटक बंद. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत जो माणूस कालपर्यंत भाताच्या खाचरात सूर्याकडे पाहून न्याहारीला बसत होता, त्याच्या मुलाला आता मिनिटं मोजावी लागू लागली.

१९६१ साली बंगलोरला सरकारच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळे बनवायला सुरुवात केली. 'एच. एम. टी.' ही तीन अक्षरे मग घरोघर गेली. हा कारभार २०१६ साली गुंडाळायचं ठरलं, पण चावी दिली की चालणारी ती घड्याळे अजून कितीतरी घरांत आहेत. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ द्यायची रीत त्याच काळातली. मुलीच्या बापाला ती रीत किती जड जात असे हे सांगण्याची ही जागा नव्हे. एवढं मात्र खरं, की घड्याळ ही साध्या घरात वर्षानुवर्षे जपायची चीज होती. ते हरवलं तर दुसरं सहजासहजी यायचं नाही. म्हणून पट्ट्याची निवड ही नटण्याची बाब नव्हती. आजही हातमजुरी करणाऱ्याला ती तशी नाही.

दरम्यान कापडात एक मोठा बदल झाला होता. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं. युद्धात त्याच्या हवाई छत्र्या आणि दोर झाले. युद्धानंतर ते घड्याळाच्या पट्ट्यात आलं. १९६४ च्या एका इंग्रजी हेरपटात नायकाच्या मनगटावर पट्टेदार नायलॉनचा पट्टा दिसतो. तो घड्याळाच्या मानाने चांगलाच अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना फट दिसते. एवढा चलाख हेर, पण पट्टा मोजून घ्यायला विसरला! शेवटी १९७३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या संरक्षण खात्याने आपल्या शिपायांसाठी पट्टा कसा असावा याचं लेखी मानकच काढलं: नायलॉनची विणलेली करडी पट्टी, रुंदी २० मिलिमीटर, धातूचं बक्कल, आणि घड्याळाच्या पाठीखालून जाणारी सलग एकच पट्टी. आज जगभर बाजारात 'नाटो पट्टा' म्हणून जो मिळतो तो हाच.

सलग पट्टीचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. घड्याळाच्या डबीला वर दोन आणि खाली दोन असे कान असतात. त्या कानांमध्ये एकेक बारीक कांडी बसवलेली असते. साधा पट्टा दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा वरच्या कांडीला, एक खालच्या. कांडी निसटली की तो तुकडा सुटतो आणि घड्याळ खाली पडतं. सलग पट्टी वरच्या कांडीखालून जाते, घड्याळाच्या पाठीवरून सरकते आणि खालच्या कांडीखालून बाहेर येते. एक कांडी निसटली तरी दुसरी घड्याळाला धरून ठेवते. सकाळी बदलापूर स्टेशनात गाडी येते तेव्हा दारातली दांडी धरायला जी धडपड चालते, त्यात मनगट कशा-कशाला घासतं, ओढलं जातं, हे रोज जाणाऱ्याला माहीत आहे. तिथे या एका युक्तीची किंमत कळते.

पण हाच गुण एका ठिकाणी घातक ठरतो, आणि हे मी मुद्दाम सांगतो. फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने, मग तो लेथ असो, ड्रिल असो की गावातली भात भरडायची गिरणी असो, घड्याळ काढूनच ठेवावं. चामडं एखाद्या वेळी तुटून हात सुटेल. नायलॉनची सलग नवार तुटत नाही, ती हाताला आत ओढते. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राजवळ जाणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत अशी अट घातली होती ती उगाच नव्हे.

आता निवडीकडे येतो. कापडी पट्टा म्हटला तरी कापड कशाचं, हा पहिला प्रश्न. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस सुमारे साडेआठ ग्रॅम ओल धरतो. नायलॉन चार ग्रॅमच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. रेयॉन मात्र तेरा ग्रॅम. या चार आकड्यांत सगळं गणित आहे. सुती पट्टा घाम टिपतो, म्हणून कातडीला गार आणि मऊ लागतो; पण वाळायला वेळ घेतो. नायलॉन लवकर वाळतो. पॉलिएस्टर तर जवळजवळ भिजतच नाही. मात्र त्याची वीण घट्ट असली तर घाम त्याच्याखाली साचून राहतो आणि तिथे पुरळ येतं. त्याची वीण मोकळी हवी, उजेडासमोर धरली तर बारीक जाळी दिसावी.

रेयॉनची गोष्ट आपल्याला जवळची. शहाडला लगद्यापासून हा धागा होतो, कल्याणजवळ मोहने इथेही त्याचा मोठा कारखाना होता. धागा सुंदर, रेशमासारखा चमकणारा. त्याच्या साड्या नेसाव्यात, अस्तर लावावं. घड्याळाचा पट्टा मात्र त्याचा करू नये, कारण भिजला की त्याचं बळ निम्म्यावर येतं. कापसाचं नेमकं उलट आहे. तो भिजल्यावर किंचित अधिकच बळकट होतो. घरच्या घरी पट्टा शिवणाऱ्यांनी चकचकीत फितीला भुलू नये ते याचसाठी.

गुरुजी मंडळींना यात वर्गात दाखवण्यासारखा एक प्रयोग आहे. पट्ट्याच्या टोकाचा एखादा धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. कापूस आणि रेयॉन कागदासारखे जळतात, वासही कागदाचाच, मागे राख उरते. नायलॉन आणि पॉलिएस्टर आधी आखडतात, वितळतात आणि टोकाला टणक मणी होतो. तो मणी बराच वेळ गरम असतो, म्हणून मुलांना हात लावू देऊ नये. वितळण्याच्या या गुणाचाच फायदा पट्टा बनवणारे घेतात. चांगल्या नायलॉनच्या पट्ट्याची भोकं आणि टोक तापवून डागलेली असतात, त्यामुळे धागे सुटत नाहीत. भोकात नखाने खरवडून पाहावं. धागे निघाले तर तो पट्टा ठेवून द्यावा. सुती पट्ट्याला डाग देता येत नाही, तिथे भोकाला टाके किंवा धातूची बारीक कडी हवी. आणि कडेला विणलेला काठ आहे की कापलेली, दुमडलेली कड आहे, तेही पाहावं. नवार की चिंधी, ते तिथे कळतं.

अंबरनाथ-बदलापूरच्या रसायनांच्या कारखान्यांत जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. तेजाबाचा थेंब कापसाला, रेयॉनला आणि नायलॉनलाही खातो. पॉलिएस्टर सौम्य तेजाबाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण कडक कॉस्टिकने तोही खराब होतो. याहून महत्त्वाचं असं, की कापड द्रव पिऊन तो कातडीशी धरून ठेवतं. चामड्यावरचा थेंब पुसता तरी येतो. म्हणून अशा कामावर कापडी पट्टा घालून जाऊच नये, आणि चुकून काही सांडलं तर आधी पट्टा सोडावा, मग मनगट भरपूर पाण्याने धुवावं.

मापाबद्दल फार सांगायला नको. दोन कानांमधलं अंतर मुलाच्या फूटपट्टीने मोजावं. बहुधा ते १८, २० किंवा २२ मिलिमीटर भरतं. पट्टा नेमका तेवढाच घ्यावा. रुंद पट्टा कोंबला तर कडेने चुरगळतो आणि टोचतो, अरुंद घेतला तर घड्याळ इकडून तिकडे सरकत राहतं. बांधताना एक बोट सहज आत जाईल इतकं सैल ठेवावं. सकाळच्या मनगटापेक्षा वैशाखातल्या दुपारचं मनगट थोडं फुगलेलं असतं. म्हणून भोकं जवळजवळ असलेला पट्टा चांगला. भोकं दूर-दूर असली की एकात घट्ट आणि पुढच्यात ढिला, अशी गत होते. चिकटपट्टीचे पट्टे मिळतात त्यांना भोकंच नसतात. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या कुसळांवरून ती युक्ती सुचली. आपल्याकडे धोतराला गोखरू चिकटतं तसंच. १९६९ साली चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या जाड पोशाखावर घड्याळ बांधलं होतं ते असल्याच लांब पट्ट्याने. मात्र भाताच्या शेतात किंवा वीटभट्टीवर त्याच्या आकड्यांत धूळ आणि कुसं भरतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तो धरेनासा होतो. तिथे आपलं जुनं बक्कलच बरं.

बक्कलावरून आठवलं. पुष्कळांना मनगटाच्या खालच्या बाजूला, बरोबर बक्कलाखाली, लाल चट्टा उठतो आणि ते कापडाला दोष देतात. दोष बहुधा धातूतल्या निकेलचा असतो. घामाने ते विरघळतं आणि काहींच्या कातडीला सोसत नाही. तसंच चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियमही काहींना बाधतं; त्यांना कापडी पट्टा औषधासारखा लागू पडतो. सलग पट्टीत घड्याळाची पाठ आणि मनगट यांच्यामध्ये कापड येतं, म्हणून पाठीच्या धातूचाही त्रास वाचतो. मात्र त्या कापडामुळे घड्याळ थोडं उंच बसतं आणि सदऱ्याच्या बाहीत अडकतं, ही तक्रार खरी आहे. पातळ विणीची पट्टी घेतली तर ती निम्मी कमी होते.

चामडं न वापरणाऱ्या घरांनाही कापडी पट्टा सोयीचा. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. अशा जागी दर्शनाला जाताना चामड्याचा पट्टा काढून खिशात कोंबणारी माणसं आपण पाहतोच. आणि खिशातलं घड्याळ गर्दीत जातं कुठे, तेही आपल्याला ठाऊक आहे.

राहिला पाऊस. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक उतारूंना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. असे दिवस रोजचे नव्हेत, पण जून ते सप्टेंबर या भागातला माणूस रोज थोडाफार भिजतोच. भिजलेला कापडी पट्टा दिवसभर तसाच ठेवला तर त्याखाली कातडी पांढरी पडते, खाज सुटते आणि वास येतो. यावर उपाय सोपा आहे. पट्टे दोन ठेवावेत. रात्री घड्याळातून ओला पट्टा सरकवून काढावा. सलग पट्टी काढायला घड्याळवाल्याकडे जावं लागत नाही, अवजारही लागत नाही. अंगाच्या साबणाने चोळून साध्या पाण्यात खळबळावा आणि चुलीजवळ नव्हे, वाऱ्यावर दोरीला टांगावा. नायलॉनला फार ऊनही दाखवू नये, वर्षा-दोन वर्षांत त्याचा धागा पिवळा पडून कमजोर होतो. नवा सुती पट्टा मात्र घालण्याआधी एकदा भिजवून वाळवावा, म्हणजे तो काय आटायचा तो आधीच आटतो. गडद निळा किंवा काळा रंग असेल तर त्याच पाण्यात पांढरं फडकं बुडवून पाहावं. फडक्याला रंग लागला, तर तो घामाने मनगटालाही लागणार. असा पट्टा रंग जाणं थांबेपर्यंत दोन-तीनदा धुवावा, आणि तोवर जुनाच घालावा.